कॅन म्हणजे ‘शकणे’ नव्हे: मोडल क्रियापदं मराठी कानाने शिकताना

शाळेच्या वहीत शेवटच्या पानावर आपल्यापैकी बहुतेकांनी एक तक्ता कधीतरी उतरवून घेतलेला असतो. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजेही शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजेही पाहिजे, विल म्हणजे ‘ईल’, आणि वुड म्हणजे... इथे शिकवणाऱ्याचा खडू जरा अडखळायचा. तक्ता पाठ होतो, परीक्षेतल्या गाळलेल्या जागाही भरल्या जातात. मग दहा वर्षांनी तोच विद्यार्थी आभाळाकडे बघून ‘इट कॅन रेन टुडे’ म्हणतो आणि वरिष्ठांना ‘यू मस्ट सी धिस फाइल’ असं लिहून पाठवतो.

दोष विद्यार्थ्याचा नाही, तक्त्याचा आहे. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द ठेवायचा, ही मांडणीच इथे चालत नाही. इंग्रजी जे काम या छोट्या सहायक शब्दांकडून (यांनाच मोडल क्रियापदं किंवा नुसतं मोडल म्हणतात) करून घेते, ते मराठी क्रियापदाच्या शेपटाकडून करून घेते: जावं लागतं, गेलं पाहिजे, जायला हवं, जायला हरकत नाही, जाता येतं, जाता कामा नये, गेला असेल, गेला असणार, जायला हवं होतं. यातला प्रत्येक फरक तुम्ही न चुकता करता, आणि तोही कुणी न शिकवता. म्हणून मोडल शिकायची माझी पद्धत उलटी आहे. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ शोधायचा नाही. आधी वाक्य मनात चांगल्या, बोलत्या मराठीत म्हणायचं, त्याचं शेपूट नीट ऐकायचं आणि मग इंग्रजी शब्द निवडायचा.

पहिली पायरी: साचा एकदाच पक्का करा

अर्थाकडे वळण्याआधी रचना उरकून घेऊ, कारण ती सोपी आहे. खरी मोडल क्रियापदं नऊ: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. या नवांना नियम सारखेच.

त्यांच्यामागे क्रियापदाचं मूळ रूप येतं, मध्ये ‘टू’ येत नाही. ‘आय मस्ट गो’ बरोबर, ‘आय मस्ट टू गो’ चूक. कर्ता ही, शी, इट असला तरी मोडलला ‘एस’ लागत नाही: ‘शी कॅन ड्राइव्ह’. प्रश्न आणि नकार करताना ‘डू’ किंवा ‘डिड’ची मदत लागत नाही, ‘कॅन शी ड्राइव्ह?’ आणि ‘शी कान्ट ड्राइव्ह’ एवढंच पुरतं. आणि प्रमाण इंग्रजीत दोन मोडल एकापाठोपाठ येत नाहीत. ‘आय विल कॅन कम’ असं होत नाही, तिथे ‘आय विल बी एबल टू कम’ म्हणावं लागतं. याच गोंधळातून आपल्याकडे फार ऐकू येणारं ‘आय कॅन एबल टू डू इट’ जन्माला येतं. कॅन आणि एबल टू एकच काम करतात, तेव्हा दोघांपैकी एकालाच बोलवा.

‘एस’ का लागत नाही, यामागची गोष्ट मजेशीर आहे. कॅन, मे, शॅल यांची आजची वर्तमानकाळी रूपं मुळात फार जुनी भूतकाळी रूपं आहेत. भूतकाळी रूपाला इंग्रजीत ‘एस’ लागत नाही (‘ही वेंट’ला कुठे लागतो?), तसा यांनाही लागला नाही. जुन्या इंग्रजीत कॅनचा अर्थ होता ‘माहीत असणे’, मेचा ‘अंगात बळ असणे’, शॅलचा ‘देणं लागणे’ आणि विलचा ‘इच्छा असणे’. मस्ट तर उघडउघड एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, म्हणूनच त्याला आता स्वतःचा वेगळा भूतकाळ उरलेला नाही. ‘काल मला जावं लागलं’ हे मस्टने सांगताच येत नाही. ‘आय हॅड टू गो’ असंच म्हणावं लागतं.

दुसरी पायरी: कामाबद्दल बोलताय की खात्रीबद्दल?

आता मुख्य गोष्ट. जवळजवळ प्रत्येक मोडल दोन वेगळ्या नोकऱ्या करतो. पहिल्या नोकरीत तो सांगतो की एखादं काम करायची मुभा आहे, सक्ती आहे की ताकद आहे. दुसऱ्या नोकरीत तो बोलणाऱ्याचा अंदाज सांगतो, म्हणजे एखादी गोष्ट खरी असल्याची त्याला किती खात्री आहे ते.

‘यू मस्ट बी क्वाएट’ आणि ‘यू मस्ट बी टायर्ड’ ही वाक्यं शेजारी ठेवा. शब्द तोच. पहिल्याचं मराठी ‘तू गप्प बसलंच पाहिजेस’. दुसऱ्याचं मात्र ‘तू दमलेला असणार’. दुसऱ्याचं भाषांतर कुणी ‘तू दमलंच पाहिजेस’ असं केलं तर आपल्याला हसू येईल. इंग्रजीला दोन्हीकडे एकच मस्ट चालतो, मराठीला दोन शेपटं लागतात. वाचताना किंवा ऐकताना अडलात, तर ‘पाहिजे’ आणि ‘असणार’ दोन्ही लावून बघा. जे शोभेल ते खरं.

खात्रीचा जिना

दारावर टकटक झाली आणि कोण आलंय ते दिसत नाही. आता उतरत्या खात्रीने बोलून बघू.

‘तोच असणार’: ‘दॅट मस्ट बी हिम’. पुरावा आहे, त्यावरून निष्कर्ष काढलाय. रोज याच वेळी येतो ना!

‘तो एव्हाना यायला हवा’: ‘ही शुड बी हिअर बाय नाउ’. हिशोबाने ही वेळ त्याचीच, सगळं सुरळीत झालं असेल तर.

‘तो असेल’: इथे थोडं थांबावं लागेल, कारण मराठी ‘असेल’ फार लवचीक आहे. ठासून म्हटलं तर ते ‘दॅट विल बी हिम’ होतं. खांदे उडवत म्हटलं, ‘असेल बाबा’, तर ते ‘इट माइट बी हिम’ होतं. लेखी मराठीत हा सूर दिसत नाही, म्हणून भाषांतर करताना ‘असेल’ला डोळे झाकून विल लावू नका.

‘तो असू शकेल’: ‘इट कुड बी हिम’, ‘इट मे बी हिम’, ‘इट माइट बी हिम’. या तिघांमध्ये काटेकोर फरक करत बसण्यात फारसा अर्थ नाही. माइट मेपेक्षा किंचित कमी खात्रीचा, असं पुस्तकं सांगतात. बोलताना तो फरक बहुतेक वेळा विरून जातो.

‘तो नसेल’: ‘इट माइट नॉट बी हिम’. ‘तो नसणार, तो तर गावाला गेलाय’: ‘इट कान्ट बी हिम’.

शेवटच्या ओळीतला सापळा लक्षात घ्या. ‘असणार’साठी मस्ट आहे, पण ‘नसणार’साठी ‘मस्ट नॉट’ घेतलं तर ऐकणाऱ्याला तो मनाईचा सूर वाटण्याचा धोका असतो. निष्कर्षाचा नकार साधारणपणे ‘कान्ट’नेच होतो.

आता पावसाकडे वळू. ‘आज पाऊस येऊ शकतो’ हे वाक्य आता बातम्यांमधून इतकं कानावर पडतं की ते खटकतही नाही. पण आजीने ते ‘आज पाऊस येईलसं दिसतंय’ असं म्हटलं असतं. ‘शकतो’ ऐकला की हात आपोआप कॅनकडे जातो आणि ‘इट कॅन रेन टुडे’ तयार होतं. एका ठरावीक प्रसंगाची शक्यता सांगायला कॅन चालत नाही. मे, माइट किंवा कुड घ्यायचं. कॅन चालतो तो सर्वसाधारण स्वभाव सांगताना: ‘इट कॅन गेट व्हेरी कोल्ड इन द डेझर्ट ॲट नाइट’, म्हणजे वाळवंटात रात्री कडाक्याची थंडी पडू शकते, तसं तिथे होत असतं. ‘आज होईल का?’ असा प्रश्न असेल तर माइट. ‘असं होत असतं का?’ असा प्रश्न असेल तर कॅन.

सक्ती: लागतं, पाहिजे, हवं

इथे मराठी इंग्रजीच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालते, म्हणून मला हा भाग सर्वांत आवडतो.

‘मला सहाला उठावं लागतं’. बाहेरून आलेली सक्ती: गाडीची वेळ, नियम, नोकरी. इंग्रजीत ‘आय हॅव टू गेट अप ॲट सिक्स’. ‘मी आता उठलंच पाहिजे’. सक्ती माझ्या मनातूनच आली आहे: ‘आय मस्ट गेट अप नाउ’. ‘मी लवकर उठायला हवं’. शहाणपण आहे, पण उठेनच असं नाही: ‘आय शुड गेट अप अर्ली’. रोजच्या बोलण्यात हॅव टूने मस्टची बरीच जागा बळकावली आहे, तेव्हा शंका असेल तिथे हॅव टू वापरलेलं सहसा चुकत नाही. एक लक्षात ठेवा: हॅव टू खरा मोडल नाही. त्याला ‘ही हॅज टू’ होतं आणि प्रश्नाला ‘डू’ लागतं.

दुसऱ्याला सांगताना मस्टची धार वाढते. ‘यू मस्ट सबमिट द रिपोर्ट’ हा हुकूम झाला. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना तो बोचतो. पण ‘यू मस्ट ट्राय धिस!’ हा प्रेमाचा आग्रह, ‘तू हे खाऊन बघच’ यासारखा. सक्तीचा फायदा कुणाला, यावर धार ठरते.

‘हॅड बेटर’ बद्दलही सावध राहा. शब्दांवरून ते ‘केलेलं बरं’ असं मऊ वाटतं, पण दुसऱ्याला म्हटलं की त्यात ‘नाहीतर बघ’ असतं. ‘यू हॅड बेटर रिप्लाय टुडे’ हे मित्राला चालेल. ओळख नसलेल्या माणसाला ते धमकीसारखं लागेल.

आणि आता सर्वांत महागात पडणारी चूक. मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ भाऊ आहेत, पण नकारात त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात.

‘तुम्ही हे औषध घेता कामा नये’: ‘यू मस्ट नॉट टेक धिस मेडिसिन’.
‘तुम्हाला हे औषध घ्यायची गरज नाही’: ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस मेडिसिन’.

पहिल्यात घेतलं तर घात, दुसऱ्यात घेतलं तरी चालेल. सूचना, करार, नियमावली लिहिणाऱ्याने ही दोन वाक्यं भिंतीवर लावून ठेवावीत. ‘मे नॉट’ही असाच दुतोंडी आहे: ‘यू मे नॉट एंटर’ म्हणजे आत यायला परवानगी नाही, पण ‘ही मे नॉट कम’ म्हणजे तो कदाचित येणार नाही.

ही धार किती खरी आहे ते पाहायचं तर तांत्रिक लिखाण बघा. १९९७ साली इंटरनेटच्या मानकांसाठी ‘आरएफसी २११९’ हा छोटा दस्तऐवज निघाला. मस्ट, शुड, मे या शब्दांचं वजन ठरवून देणं हेच त्याचं काम. मस्ट म्हणजे बिनशर्त अट. शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केला असेल तर बाजूला ठेवता येईल असं. मे म्हणजे पूर्णपणे ऐच्छिक.

ताकद: येतं, शकलो, जमलं

‘मला पोहता येतं’ म्हणजे ‘आय कॅन स्विम’. बघा, इथे चांगल्या मराठीत ‘शकतो’ येतच नाही. ‘मी पोहू शकतो’ हे चूक नाही, पण त्यात ‘आज पाणी स्वच्छ आहे, हरकत नाही’ अशी परिस्थितीची छटा येते. कॅन या दोन्ही अर्थांना पुरतो.

भूतकाळात मात्र इंग्रजी अडून बसते. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’ ही कायमची क्षमता झाली: ‘आय कुड क्लाइंब ट्रीज व्हेन आय वॉज अ चाइल्ड’. ‘काल दार अडकलं होतं, पण मला ते उघडता आलं’ हा एकदाच साधलेला पराक्रम. तिथे कुड चालत नाही, ‘आय वॉज एबल टू ओपन इट’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’ म्हणायचं. मराठीतला ‘यायचं’ आणि ‘आलं’ यांतला फरक ओळखा, की झालं. नकारात ही अडचण नाही; ‘आय कुडन्ट ओपन इट’ खुशाल म्हणा. आणि बघणं, ऐकणं यांसारख्या क्रियापदांना कुड नेहमीच चालतो: ‘आय कुड हिअर हिम’, मला तो ऐकू येत होता.

होऊन गेलेल्या गोष्टी: मोडल, मग हॅव, मग तिसरं रूप

भूतकाळाबद्दल अंदाज करायचा किंवा हळहळायचं असेल, तर साचा एकच: मोडल, त्यापुढे ‘हॅव’, त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. हॅव इथे कधीही हॅज होत नाही, कर्ता कुणीही असो.

‘तो गेला असणार’: ‘ही मस्ट हॅव गॉन’. ‘तो गेला असू शकेल’: ‘ही माइट हॅव गॉन’. ‘तो गेला नसणार’: ‘ही कान्ट हॅव गॉन’. ‘तू जायला हवं होतंस’: ‘यू शुड हॅव गॉन’. ‘मी गेलो असतो’: ‘आय वुड हॅव गॉन’. ‘तुला जाता आलं असतं’, म्हणजे संधी होती पण गेला नाहीस: ‘यू कुड हॅव गॉन’.

शेवटच्या तिघांमध्ये एक गोष्ट समान आहे: ती घडलीच नाही. मराठीतही ‘होतं’ आणि ‘असतं’ हाच सल सांगतात. ‘नीड’चीही अशी एक जोडी आहे. ‘यू नीडन्ट हॅव कम’ म्हणजे आलास खरा, पण यायची गरज नव्हती. ‘यू डिडन्ट नीड टू कम’ मध्ये आलास की नाही ते सांगितलेलं नाही.

बोलताना ‘शुड हॅव’चा उच्चार ‘शुडव’ होतो. ते ‘शुड ऑफ’सारखं ऐकू येतं, आणि म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तसं लिहून बसतात. लिहिताना हॅवच.

वुड: जिथे खडू अडखळायचा

वुडची कामं चार, आणि चारही मराठीत वेगवेगळी दिसतात. गेल्या काळची सवय: ‘आम्ही दर सुट्टीत तिथे जायचो’, ‘वी वुड गो देअर एव्हरी हॉलिडे’. अट घातलेली कल्पना: ‘वेळ असता तर मी आलो असतो’. अट पूर्ण होणं आता कठीण असेल तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’; वेळ निघून गेली असेल तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. इथे ‘इफ’च्या तुकड्यात वुड घालायचा मोह आवरा. तिसरं काम, दुसऱ्याचं बोलणं सांगणं: ‘तो म्हणाला, येईन’, ‘ही सेड ही वुड कम’. चौथं काम आर्जव: ‘आय वुड लाइक सम वॉटर’.

सवयीच्या वुडला एक मर्यादा आहे. तो फक्त कृतीला लागतो. ‘पूर्वी इथे एक विहीर होती’ ही स्थिती झाली, तिथे ‘देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर’ म्हणावं लागतं.

आणि आता आपल्या ऑफिसांमधलं लाडकं पाचवं काम: ठरलेल्या भविष्यकाळासाठी वुड. ‘वी वुड बी सेंडिंग द डॉक्युमेंट्स टुमॉरो’. लिहिणाऱ्याला ते नम्र आणि भारदस्त वाटतं. बाहेरच्या वाचकाला मात्र प्रश्न पडतो: पाठवाल, पण कधी? कोणत्या अटीवर? वुडमागे एक अदृश्य ‘जर’ उभा असतो. काम नक्की करणार असाल तर विल लिहा. विल उद्धट नाही.

विनंती करताना

मराठीत ‘जरा खिडकी उघडता का?’ म्हणताना नम्रता ‘जरा’त, ‘का’त आणि तुम्ही-आपण या निवडीत वाटलेली असते. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे ते सगळं ओझं मोडलवर पडतं. नुसतं ‘ओपन द विंडो, प्लीज’ हे प्लीज असूनही आज्ञाच राहतं. ‘कॅन यू’ मोकळं आणि ओळखीतलं. ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’ कुणालाही चालेल असं. इथला कुड भूतकाळ सांगत नाही. विनंतीला थोडं मागे सरकवून तो समोरच्याला नकाराची जागा देतो. स्वतःसाठी परवानगी मागताना ‘मे आय’ औपचारिक, ‘कॅन आय’ रोजचं. ‘कॅन आय’ अशुद्ध आहे, असं दटावणारे शिक्षक मला भेटले आहेत, पण दैनंदिन इंग्रजीने त्यांचं कधीच ऐकलं नाही.

उरलेली मंडळी, थोडक्यात

शॅल आता मुख्यतः ‘शॅल वी स्टार्ट?’, म्हणजे ‘सुरू करूया का?’, अशा प्रश्नात जिवंत आहे, आणि कायद्याच्या भाषेत. तिथेही त्याच्या अनेक अर्थांना लोक वैतागले आहेत. २००७ साली अमेरिकेच्या संघराज्य दिवाणी प्रक्रियेच्या नियमांचं भाषिक पुनर्लेखन झालं, तेव्हा त्यातला शॅल जाणूनबुजून काढून टाकला गेला. ‘ऑट टू’ शुडसारखंच, पण जुन्या वळणाचं. ‘डेअर’ वाचताना ओळखता आलं तरी पुष्कळ.

उच्चाराबद्दल दोनच गोष्टी. कुड, वुड, शुड यांच्या स्पेलिंगमधला ‘एल’ मुका आहे. कुडमधला तर मुळातला नव्हेच, इतर दोघांचं पाहून तो घुसला. ‘मस्ट नॉट’ जोडून म्हणताना पहिला ‘टी’ गळतो आणि ‘मसन्ट’ उरतं. दुसरं, होकारी कॅन सहसा आखूड, ‘कन’सारखा होतो, तर ‘कान्ट’ ठसक्यात म्हटला जातो. अमेरिकी बोलण्यात शेवटचा ‘टी’ ऐकू येईलच असं नाही, तिथे ठसक्यावरूनच होकार-नकार ओळखावा लागतो.

सराव

खाली मराठी वाक्यं आहेत. इंग्रजी झाकून ठेवा, शेपूट ऐका, आणि मगच उत्तर बघा.

‘दिवे बंद आहेत, म्हणजे ते झोपले असणार.’ झालेल्या गोष्टीचा निष्कर्ष: ‘दे मस्ट हॅव गॉन टू बेड’.

‘उद्या तुम्ही यायची गरज नाही.’ मनाई नाही, मोकळीक आहे: ‘यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो’.

‘खूप गर्दी होती, तरी मला जागा मिळवता आली.’ एकदाचं यश: ‘आय मॅनेज्ड टू गेट अ सीट’.

‘तू मला फोन करायला हवा होतास.’ केला नाहीस, हे गृहीत: ‘यू शुड हॅव कॉल्ड मी’.

‘किल्ली गाडीतच राहिली असेल.’ हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण याचं एक उत्तर नाही. बोलणाऱ्याने खिसे चाचपत, कपाळाला आठ्या घालून म्हटलं असेल तर ‘इट माइट बी इन द कार’. दर वेळी ती तिथेच सापडते म्हणून वर न बघता म्हटलं असेल तर ‘इट विल बी इन द कार’.